सोडणे आणि सोडलेले टिकवणे
(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर व्यसनाचा विषय काढला म्हणून कोणी नाराज होऊ नये. बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या व्यसनापायी किती मुलांचे शिक्षण अर्धवट राहते, हे इथे बसलेल्या शिक्षकांना विचारा.

दारू हराम आहे, हे आपल्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. पण घरात कोणाला व्यसन लागले, की आपण काय करतो? दार लावून घेतो. नातेवाइकांना कळू नये, मोहल्ल्यात चर्चा होऊ नये, बहिणीचे लग्न अडू नये, याच धडपडीत वर्षे जातात. मधुमेह झाला तर आपण डॉक्टरांकडे जातो. व्यसन हाही आजारच आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग त्याच्या उपचाराची एवढी लाज का?

काही घरांत माणसाला खोलीत कोंडतात. हे धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर हात कापतात, झोप उडते, काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. म्हणून हे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत.

ते दिवस पार पडले, की घरच्यांना वाटते, संकट टळले. खरे काम तेथून पुढे सुरू होते. यासाठी एक जुनी हकिकत सांगतो.

१९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात उतरला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. धंद्याचे काम फिसकटलेले, परके गाव, आणि समोरच हॉटेलचा बार. त्याने बारकडे पाठ फिरवली आणि चर्चच्या मंडळींना फोन केले. आपल्यासारखाच एखादा दारूत बुडालेला माणूस आपल्याला भेटवून द्या, अशी त्याची विनंती होती. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली. दोघे तासन् तास बोलले. दुसऱ्याला सावरताना आपणही सावरतो, हे बिलला उमगले.

डॉ. बॉब मात्र लगेच सुधारले नाहीत. थोड्याच दिवसांनी ते परगावी एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा पिऊन आले. तरीही बिलने त्यांना टाकले नाही. १० जून १९३५ नंतर डॉ. बॉब यांनी १९५० साली मृत्यू येईपर्यंत दारूला स्पर्श केला नाही. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापना दिन मानला जातो. पालकहो, घसरलेल्या माणसाला त्या दिवशी घराबाहेर काढले असते, तर पुढची पंधरा वर्षे आली असती का?

आपल्या पुण्यातही हाच अनुभव आहे. तरुण मुले ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडत होती, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे बरे झालेले कित्येक जण पुढे नव्या रुग्णांचे सोबती झाले.

व्यसन सोडलेल्या बंधूंनो, जन्मभराची शपथ वाहू नका. आजचा दिवस सांभाळा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जपा. पगाराच्या दिवशी जुन्या अड्ड्याच्या रस्त्याने घरी येऊ नका. मन डळमळले तर पहिला घोट घेण्याआधी कोणाला तरी फोन करा. पाय घसरलाच तर लपवू नका, त्याच दिवशी परत या.

घरच्या मंडळींनो, त्याच्यासाठी खोटे बोलू नका, त्याची उधारी परस्पर फेडू नका. पण तो सुधारत असताना जेवणाच्या ताटावर जुने उणेदुणेही काढू नका. विश्वास परत यायला वेळ लागतो. आधी बाजारहाट सोपवा, मग घरखर्च.

आणि विद्यार्थी मित्रांनो, अब्बांच्या व्यसनाला तुम्ही जबाबदार नाही. ते ओझे दप्तरात घेऊन फिरू नका. विश्वासाच्या एखाद्या शिक्षकाला सांगा. शासनाच्या १४४४६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे गट आहेत, तेथे कोणी नाव-गाव विचारीत नाही.

आज या सभागृहात कोणाच्या घरी हे दुःख असेल, तर त्यांनी घरी जाऊन लावलेले दार उघडावे आणि इतरांनी त्या दारात मदतीला जावे, चौकशीला नव्हे. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.