घरच्या वायफायला कुलूप



रात्री दाराला कडी घालूनच आपण निजतो. पण घरच्या वायफायचे काय? त्याच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. आपल्या बोनकोड्यात घराला घर लागून आहे. लहरी शेजाऱ्याच्या जिन्यातही पोचतात.

सानपाडा काही लांब नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल निघाला. पोलीस माग काढीत सानपाड्याच्या एका घरी आले. त्या घरच्या माणसाने तो पाठविला नव्हता! त्याचे वायफाय उघडे होते. दुसऱ्यानेच ते वापरले. चौकशी मात्र त्याच्या वाट्याला आली.

मग कुलूप कोणते घ्यावे? राउटरच्या सेटिंगमध्ये नावे दिसतात. 'डब्ल्यूईपी' हे १९९७ सालचे कुलूप. ते फोडता येते, हे २००१ सालीच तज्ज्ञांनी दाखविले. ते घेऊ नका. 'डब्ल्यूपीए-३' असेल तर ते घ्या. नसेल तर 'डब्ल्यूपीए-२' घ्या आणि सोबत 'एईएस' निवडा. मग जाणारा-येणारा मजकूर सांकेतिक होतो. किल्लीवाचून तो कोणाला वाचता येत नाही.

किल्ली म्हणजे पासवर्ड. आमच्या घरी तो आमचाच मोबाईल नंबर होता. नात म्हणाली, "आजोबा, हा तर साऱ्या आळीला पाठ आहे!" आम्ही वरमलो. आता एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लांब पासवर्ड ठेवला आहे.

आज घरी गेल्यावर एवढे पाहाच. समजले नाही, तर मुलांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.