जीवशास्त्र कशासाठी?

(माध्यमिक शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेपाशीच संपला. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार आहे तो एवढ्याचसाठी की, वर्गातील बहुसंख्य मुलांचेही असेच होणार आहे. थोडी मुले डॉक्टर वा कृषिशास्त्रज्ञ होतील. बाकीची शेतकरी, कारागीर, आईबाप आणि मतदार होतील. शालेय जीवशास्त्र प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान हा विषय सर्वांसाठी आवश्यक मानला. पुढे १९७६ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये सांगितली. निसर्गाचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दया हे त्यांतील एक. वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे दुसरे. जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमामागील मूल्ये हीच होत.

ती पाठांत कशी उतरतात ते पाहू. मातेकडून अपत्याला नेहमी एक्स गुणसूत्र मिळते. पित्याकडून एक्स अथवा वाय. परीक्षेत या माहितीला फार तर दोन गुण असतील. परंतु मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरातील विद्यार्थिनीला तिचे मोल केवढे! दोष मातेचा नाही, पित्याचाही नाही. मुळात तो दोषच नव्हे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम केला. कायदा हात धरू शकतो. मन बदलण्याचे काम वर्गातच व्हावयास हवे.

दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष मज्जासंस्थेवर वा रक्तावर परिणाम करते, हे ज्याला उमगले तो मांत्रिकाकडे वेळ दवडणार नाही. प्रतिविषासाठी थेट रुग्णालय गाठील. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. मात्र त्या रात्री घरात कायद्याचे पुस्तक नसते, दहावीतला मुलगा असतो. त्याच मुलाला धामण बिनविषारी असून शेतातले उंदीर खाते, हेही ठाऊक असेल, तर काठी उचलण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल. ज्ञान आणि दया तेथे एकत्र येतात.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, हृदयाची आकृती अवश्य काढून घ्या. पण ‘तुमच्या घरी असे घडले तर काय कराल?’ हा प्रश्नही विचारा. पंचायत सदस्यांनी प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते याची चौकशी करावी आणि ते नाव १०८ या क्रमांकासह शाळेतील मुलांच्या हस्ताक्षरात चावडीवर लावावे. पाठ्यपुस्तकातले जीवशास्त्र गावाच्या उपयोगी पडण्याची ती सुरुवात ठरेल.