इंजिन घरी खोलावे की मेकॅनिककडे द्यावे?

(कामगार अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. वेतन, पेन्शन, रिक्त जागा हे सारे सोडून मोटारसायकलच्या इंजिनावर भाषण कशाला? पण रात्री दोनचा कॉल आला की लॉबी गाठायला बस नसते. गावोगावची बीट फिरणाऱ्या पोस्टमनला तर गाडी बंद म्हणजे हातपाय बंद. अशी ही गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, निळा धूर सोडू लागली, चढावर दम टाकू लागली, की घरात एकच प्रश्न उभा राहतो : इंजिन आपणच खोलावे, की मेकॅनिककडे द्यावे? महिनाअखेर जवळ असली तर "आपणच खोलू" हे उत्तर फार लवकर सुचते. आम्हालाही तेच सुचले होते. त्याचे काय झाले, तिथूनच सुरुवात करतो.

आम्ही डिझेल शेडमध्ये फिटर होतो. डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने आमच्या हाताखालून गेली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, एकेका सिलिंडरचा आतला व्यास ९ इंच. असे पातेल्याएवढे पिस्टन ज्याने बसवले, त्याला १०० सीसीच्या मोटारसायकलचा ५० मिलिमीटरचा लिंबाएवढा पिस्टन तो काय अवघड, असे आम्हाला वाटले. रेस्टच्या दिवशी क्वार्टरच्या ओट्यावर पोते अंथरून इंजिन खोलले. हेड निघाले, सिलिंडर निघाला. पिस्टनवर चरे दिसले. इथवर ठीक होते. पण कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला तर त्यात खेळ लागला. म्हणजे क्रँककेस फोडणे आले. त्यासाठी मॅग्नेट काढायला पुलर हवा. तो आमच्याकडे नव्हता. आम्ही पेचकस लावून हातोडी मारली. मॅग्नेट निघाला नाही, केसची कडा मात्र उडाली.

संध्याकाळ झाली, रात्रीची ड्यूटी होती. सुटे भाग रॉकेलच्या डब्यात गेले आणि तीन आठवडे तिथेच राहिले. तीन आठवडे आम्ही शेजाऱ्यांच्या मागे बसून कामावर गेलो, आणि एकदा शेजारी सुटीवर असताना उशिराची नोंदही लागली. अखेर पोत्यात भरून इंजिन मेकॅनिककडे नेले. तो म्हणाला, "काका, चालवत आणली असती तर आवाजावरून सांगितलं असतं काय झालंय ते. आता आधी यात काय काय हरवलंय तेच शोधावं लागेल." त्याची मजुरी द्यावी लागलीच, वर केसची कडा वेल्डिंग करून सपाट करून घेण्याचा खर्चही आला.

साथींनो, आमच्या हातात कसब नव्हते असे नाही. पण शेडमध्ये त्या कसबाच्या भोवती काय काय होते ते आम्ही विसरलो. क्रेन होती. प्रत्येक कामाचा वेगळा पुलर होता. मापे लिहिलेली पुस्तिका होती. भाग झिजला की स्टोअरमधून दुसरा येत होता. शेजारी हेल्पर होता, आणि काम झाल्यावर ते तपासणारा सुपरवायझर होता. ओट्यावर यातले काहीच नव्हते. आणि एवढी सगळी साधने असूनही शेड प्रत्येक काम करीत नाही. ठरलेली शेड्यूल शेडमध्ये होतात. मोठा ओव्हरहॉल, ज्याला आपण पीओएच म्हणतो, तो वर्कशॉपमध्ये होतो. म्हणून शेडला कोणी अडाणी म्हणत नाही. घरच्या गाडीलाही हाच नियम लावा. स्वतः करू की दुसऱ्याला देऊ, असा सरसकट प्रश्न विचारू नका. यातले शेडचे काम कोणते आणि वर्कशॉपचे कोणते, असे विचारा.

त्याआधीची एक पायरी आहे. बिघाड खरोखर इंजिनात आहे का, ते पाहा. गाडी ओढत नाही म्हणून आमच्या एका पोस्टमन साथीला "फुल इंजिन काढावे लागेल" असे सांगण्यात आले होते. त्याने घाई केली नाही. ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. क्लच प्लेट झिजल्या होत्या. त्या बदलल्या आणि गाडी पळू लागली. तेव्हा आधी एअर फिल्टर, प्लग, ऑइलची पातळी, टॅपेटचे अंतर, क्लच आणि ब्रेक घासतो का, एवढे पाहून घ्या. याला फार हत्यारे लागत नाहीत.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. फिल्टर आणि कार्ब्युरेटर पाहा. चार-स्ट्रोक गाडीचा निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो पिळताना सतत येत असेल तर बहुधा रिंगा आणि सिलिंडर झिजले. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना एकदाच भपकन येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. खात्री करायची तर प्लगच्या जागी कंप्रेशन गेज लावून माप घ्या, मग त्याच छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. माप चांगलेच वाढले तर दोष रिंगा-सिलिंडरचा. वाढले नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. आणि खालून जड ठोक्यांचा आवाज येत असेल तर क्रँकचे बेअरिंग गेले असे समजा, आणि गाडी आणखी रेटू नका.

आता कामाची वाटणी. मेकॅनिक लोक "हाफ इंजिन" आणि "फुल इंजिन" असे दोन शब्द वापरतात. हाफ इंजिन म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन, रिंगा; क्रँककेस न फोडता होणारे काम. फुल इंजिन म्हणजे केस फोडून क्रँक, बेअरिंग, गिअर, ऑइल सील. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या एकसिलिंडर गाडीचे हाफ इंजिन ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे तो घरी करू शकतो. फुल इंजिन मात्र वर्कशॉपचे काम समजा. क्रँकची पिन प्रेसवर दाबून काढावी आणि बसवावी लागते, आणि नंतर क्रँक सरळ फिरतो की नाही ते डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांशात पाहावे लागते. ओट्यावर ते होणे नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते, सेन्सर आहेत. त्या गाड्या, आणि वॉरंटीतली कोणतीही गाडी, घरी खोलू नका.

मग पैशांचा हिशेब. इथे बहुतेकांची चूक होते. घरी केले तर अर्धा खर्च वाचेल असे आपण धरतो. पण पिस्टन, रिंगा, पॅकिंग, सील यांची किंमत दोन्हीकडे तीच. सिलिंडर बोअर करणाऱ्या लेथवाल्याचे पैसे दोन्हीकडे तेच. वाचते ती फक्त मेकॅनिकची मजुरी. त्या मजुरीतून नव्या हत्यारांची किंमत वजा करा, गाडी बंद राहील तितक्या दिवसांचे रिक्षाभाडे वजा करा, रजा खर्ची पडणार असेल तर तीही धरा. काही उरत असेल तर जरूर करा. काही उरत नाही, पण शिकायचे आहे, तरीही करा. शिकण्याला किंमत असते. मात्र ती शिकण्याची फी आहे, बचत नव्हे, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा. आणि गाडी फारच जुनी असेल तर आणखी एक आकडा मांडा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी आणि शुल्क. सोसायटीचे कर्ज काढून इंजिन करण्याआधी हे पाहिले पाहिजे.

ज्यांनी घरी करायचे ठरवले त्यांना थोडे सांगतो. दुसरी गाडी किंवा ड्यूटीला पोहोचण्याची दुसरी सोय असल्याशिवाय खोलू नका. खोलण्याआधी पुलर, टॉर्क पाना, फीलर गेज आणि त्या मॉडेलची मापे हाताशी ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. पुठ्ठ्यावर इंजिनाचे चित्र काढून जिथला बोल्ट तिथेच टोचून ठेवा. पिस्टनची सर्क्लिप काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा. ती आत पडली की हाफचे फुल झालेच. आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या आणि तो दाखवूनच बोअर करून घ्या. पिस्टन आणि सिलिंडर यांतली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते, तिथे अंदाज चालत नाही. काही सिलिंडरना आतून कठीण मुलामा असतो; ते बोअर करीत नाहीत, किटच बदलतात. रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नका. टायमिंगच्या खुणा जुळवा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा तपासा. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. इंजिन झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी दामटू नका, आणि मग ऑइल बदला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शेडचा पुलर रात्रीपुरता घरी न्यावा, वर्कशॉपच्या लेथवर एखादा बुश काढून घ्यावा, असा मोह होतो. तसे करू नका. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याविषयीच्या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. एका पुलरसाठी नोकरी पणाला लावलेल्या माणसाचा बचाव करणे युनियनलाही जड जाते.

आता मेकॅनिककडे देणाऱ्यांसाठी. गाडी चालू स्थितीत न्या, आवाज ऐकवा, कधीपासून होतो ते सांगा. सुटे भाग आणि मजुरी यांचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्या. इंजिन खोलल्यावर, पुढचे काम सुरू करण्याआधी, एकदा बोलवायला सांगा. काढलेले जुने भाग परत मागा. क्रँककेस बदलावी लागली तर इंजिन नंबर बदलतो, त्याची नोंद आरटीओत झालीच पाहिजे. जुन्या बाजारातले कागद नसलेले इंजिन स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचेही असू शकते.

एवढे केल्यावर मजुरीत मात्र घासाघीस करू नका. तो मेकॅनिक कामगारच आहे, आणि त्याला ना पेन्शन, ना भरपगारी रजा, ना युनियन. आपण महागाई भत्त्यासाठी गेटसमोर उभे राहतो आणि त्याच संध्याकाळी त्याच्या दोन दिवसांच्या कामातले शंभर रुपये कापतो, हे बरे दिसत नाही. त्याच्याकडे बारा वर्षांचे पोर पाने धूत असेल तर त्यालाही विचारा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला लावण्यास मनाई केली आहे. शाळा सांभाळून घरच्यांना हातभार लावण्याला सूट आहे.

शेवटी एक सूचना मांडतो. एकेका घरी पुलर, टॉर्क पाना, कंप्रेशन गेज घेणे परवडत नाही, आणि वर्षातून एकदाच लागणारे हत्यार माळ्यावर गंजते. दहा-वीस घरांनी मिळून वर्गणी काढली तर कॉलनीत एक पेटी होऊ शकते. वहीत नोंद, एक जबाबदार साथी, आणि ज्याला काम येते त्याने पहिल्यांदा शेजारी बसायचे. आम्ही आमच्या कॉलनीत हे सुरू केले आहे. त्यात पहिला आणला तो मॅग्नेटचा पुलर. आमच्या केसची जी कडा उडाली, ती निदान दुसऱ्या कोणाची उडू नये.