माझा रविवार, तिचा रविवार

(महासंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मला आज ‘बैठकीची शिस्त’ या विषयावर बोलायला सांगितलंय. पण शिस्तीचं भाषण तुम्ही माझ्याकडून दर महिन्याला ऐकता. आज मी माझीच एक चूक सांगते. जिच्या बाबतीत ती झाली, त्या ताईला विचारूनच सांगतेय. नाव मात्र घेणार नाही.

मी वर्सोव्याची. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला विचारतात, “ताई, तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी एवढं चांगलं कसं?” अहो, आम्ही घरात मराठीच बोलतो. आमचे पूर्वज इथलेच, कोळी आणि शेतकरी. पोर्तुगीजांच्या काळात ते ख्रिस्ती झाले. १८८७ साली आमच्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ असं नाव घेतलं, पण बोली मराठीच राहिली. आजी लहान असताना रविवारच्या मिस्साची, म्हणजे आमच्या उपासनेची, प्रार्थना लॅटिन भाषेत व्हायची. १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी धर्मसभा झाली, त्यानंतर ती आपापल्या भाषेत होऊ लागली. आजी म्हणते, “तेव्हापासून नुसतं बसणं थांबलं, ऐकणं सुरू झालं.”

आमच्या घरी रविवार म्हणजे ठरलेला. सकाळी सगळ्यांनी आरोग्यमातेच्या चर्चमध्ये जायचं. बाहेर आल्यावर अर्धा तास नुसत्या गप्पा. कोणाचं बाळंतपण झालं, कोणाची बोट रिकामी आली, कोण आजारी आहे, सगळं तिथेच कळतं. मग घरी बाटली मसाल्याचं कालवण आणि सगळे एका ताटाभोवती. मी नोकरीसाठी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहते. शनिवारी एसटी पकडून घरी जायचं आणि सोमवारी परत यायचं, हा माझा नेम. रविवारी काम नाही म्हणजे नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एका नव्या गटाने “ताई, बैठक रविवारी ठेवू या का?” असं विचारलं, तेव्हा मी लगेच म्हटलं, “मंगळवारी सकाळी अकराला ठेवू.” कोणी काही बोललं नाही. मी समजले, सगळ्यांना चालतंय.

त्या गटातली एक ताई कंपनीत रोजावर जाते. सुट्टी फक्त रविवारी. बैठकीला यायचं तर दिवसाचा रोज बुडवायचा. पहिले दोन मंगळवार ती आली. मग यायची बंद झाली. बचत शेजारणीकडे पाठवायची. गटाचा नियम होता, गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड. मी स्वतः तो रजिस्टरला लिहून घ्यायचे. पावसाच्या तोंडावर तिने घराच्या पत्र्यांसाठी पाच हजारांचं कर्ज मागितलं. हजेरी कमी, म्हणून गटाने पुढे ढकललं. मीही मान डोलावली. ‘पंचसूत्रीत पहिलं सूत्र नियमित बैठक’, हे माझंच वाक्य.

तिने पैसे बाहेरून घेतले, शेकडा दहा रुपये महिन्याने. आपल्या गटात शेकडा दोन रुपये आहेत. म्हणजे महिन्याला शंभर रुपये व्याज द्यायचं, तिथे ती पाचशे देत होती.

हे मला तीन महिन्यांनी कळलं. त्या रविवारी मी चर्चमध्ये बसले होते. मिस्सामध्ये एक वेळ अशी येते की आजूबाजूच्या माणसांकडे वळायचं, हात जोडायचे आणि त्यांना शांती लाभो म्हणायचं. मी हात जोडले आणि मला ती ताई आठवली. येशूची एक शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. देवाला काही अर्पण करायला आलात आणि आपल्या माणसाचं आपल्याबद्दल काही गाऱ्हाणं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. मी ते शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

घरी येऊन आजीला सांगितलं. आजीने आयुष्यभर मासळी विकली. ती म्हणाली, “मी रविवारी देवळात जायची, तेव्हा माझी पाटी कोण सांभाळायचं, माहीत आहे?” तिची मैत्रीण, शेजारची हिंदू कोळीण. स्वतःच्या पाटीबरोबर आजीची पाटीही विकायची आणि आलेले पैसे पदराच्या गाठीत वेगळे बांधून ठेवायची. ती कार्ल्याला एकविरेच्या जत्रेला गेली की आजी तिची पाटी सांभाळायची. आजी म्हणाली, “माझा रविवार तिने राखला. तू तर दुसरीचा रविवार घेऊन बसलीस.”

सोमवारी संध्याकाळी मी त्या ताईच्या घरी गेले. ती रागावली नाही. कोरा चहा दिला आणि एवढंच म्हणाली, “तुमचा देव रविवारी, आमची सुट्टी पण रविवारीच.” मी माफी मागितली.

पुढच्या बैठकीत हे सगळं मी दहाही जणींसमोर मांडलं. वाद झाला. एक मावशी म्हणाली, “रविवारी घरात पाहुणे, धनी घरी, मी कशी निघू?” तिचंही खरं होतं. शेवटी ठरलं की दोन बैठका रविवारी दुपारी चारला आणि बाकीच्या मंगळवारी संध्याकाळी, कंपनी सुटल्यावर. दंड परत केला आणि तसं प्रोसिडिंगला लिहिलं. गटाने पाच हजार अंतर्गत कर्ज देऊन बाहेरचं देणं मिटवलं. पण तीन महिन्यांत व्याजाचे जे दीड हजार रुपये गेले, ते गेलेच.

रविवारी गटाकडे यायचं असलं की मी आमच्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी जाते. ती उपासना रविवारचीच धरतात. आई मात्र थोडी रुसली. “एक दिवस मिळायचा, तोही गेला,” म्हणाली. ते दुःख मलाही आहे. आता आम्ही शनिवारी रात्री एकत्र जेवतो. आणि हळूहळू गट माझ्याशिवाय बैठक घ्यायला शिकतोय, म्हणजे तेही रविवार मला परत मिळतील.

त्या गटाने एक नवा नियम केला. कोणी आली नाही तर दंड लिहिण्याआधी दोघींनी त्याच दिवशी तिच्या घरी जायचं आणि का आली नाही ते विचारायचं.

तायांनो, शिस्त हवीच. हजेरी घेतल्याशिवाय गट चालत नाही. पण आज घरी गेल्यावर आपल्या गटाचं रजिस्टर उघडा. ज्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा जास्त आहेत, त्या नावावर बोट ठेवा. आणि आपण ठरवलेली वेळ नक्की कोणाच्या सोयीची आहे, ते विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून सांगतेय.