छावणीतून न्यायालयात : थॉमस अर्स्किन



शताब्दीच्या व्याख्यानमालेत एका वकिलाने बोलावे असे ठरले आणि त्या वकिलाने विषय निवडला तो एका सैनिकाचा, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. परंतु इंग्लंडचा हा थोर बॅरिस्टर घडला तो छावणीतील वाचनाने. वाचनालयाच्या उत्सवाला याहून उचित विषय मला सुचला नाही.

अर्स्किनचा जन्म १७५० साली एडिंबरो येथे झाला. वडील उमराव खरे, पण घराण्याचे वैभव नावापुरतेच उरलेले. धाकट्या मुलाच्या शिक्षणास पैसा नव्हता, म्हणून चौदाव्या वर्षी त्याला आरमारात धाडण्यात आले. चार वर्षांनी, १७६८ मध्ये, त्याने पायदळाच्या पहिल्या रॉयल पलटणीत अधिकारपद विकत घेतले. त्या काळी अशी पदे विकत मिळत. पलटणीबरोबर तो भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावर गेला. तेथे युद्ध नव्हते आणि वेळ अमाप होता. त्या वेळेत त्याने शेक्सपिअर आणि मिल्टन यांचे असे पारायण केले की त्यांची भाषा त्याच्या जिभेवर रुळली. कायदा तो पुढे शिकला. वाणी मात्र येथे कमावली.

पुढे एकदा पलटणीचा मुक्काम असलेल्या गावी फिरते न्यायालय भरले. हा तरुण लेफ्टनंट गणवेशातच ऐकायला गेला. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्याला जवळ बसवून खटला समजावून दिला. वकिलांची भाषणे ऐकून, हे काम आपण अधिक चांगले करू, असे त्याला वाटले, असे चरित्रकार सांगतात. १७७५ मध्ये त्याने लिंकन्स इनमध्ये नाव घातले. पत्नी आणि मुले पदरी, उत्पन्न जवळजवळ नाही, अशा अवस्थेत १७७८ साली तो बॅरिस्टर झाला.

पहिलाच खटला मिळाला तो कॅप्टन बेली यांचा. ग्रीनिच येथील वृद्ध व जखमी खलाशांच्या आश्रयस्थानातील गैरकारभार त्यांनी उघड केला होता, आणि त्याबद्दल बदनामीची कारवाई त्यांच्यावरच आली होती. पाच वकिलांत अर्स्किन सर्वांत कनिष्ठ. ज्येष्ठांचा कल तडजोडीकडे होता. याने ती साफ नाकारली. भाषणात त्याने आरमाराचे मंत्री लॉर्ड सँडविच यांचे नाव घेतले, तेव्हा न्यायासनावरून समज मिळाली की सँडविच या न्यायालयापुढे नाहीत. मग मी त्यांना आणतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. न्यायासनावर होते तेच मॅन्सफील्ड! बेली सुटले. एवढे धैर्य कोठून आले असे विचारता, मुले झगा ओढून भाकरी मागत आहेत असे वाटत होते, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. वकिलीतील माझे पहिले वर्ष आठवले की ती मला खरी वाटते.

राजद्रोही लेखनाच्या खटल्यात ज्यूरीने केवळ मजकूर प्रसिद्ध झाला की नाही एवढेच पाहावे, असे न्यायाधीश म्हणत. १७८४ मध्ये सेंट अ‍ॅसफच्या डीनच्या खटल्यात अर्स्किनने याविरुद्ध झुंज दिली. तेथे त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. पण १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याने ज्यूरीला संपूर्ण प्रश्नावर निर्णय देण्याचा अधिकार मिळाला. १९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांनी ज्यूरीपुढे स्वतः भाषण करून लेखकाच्या हेतूकडे पाहा असे बजावले, त्या वादाची मुळे इतकी जुनी आहेत. टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविण्यात आले, हे आपण जाणताच.

१७९२ मध्येच टॉमस पेन यांचे वकीलपत्र त्याने घेतले. घेऊ नये म्हणून दडपण होते. तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अ‍ॅटर्नी जनरल होता. पेन फ्रान्समध्ये, ज्यूरी प्रतिकूल, निकाल ठरल्यासारखाच. खटला हरला आणि ते पदही गेले. आरोपीविषयी स्वतःचे मत करून घेऊन त्याला नाकारणारा वकील निकालाआधीच न्यायाधीश होऊन बसतो, असे त्याचे म्हणणे होते. आज गावोगावचे वकीलसंघ एखाद्या आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे ठराव करतात, तेव्हा मला हा माजी लेफ्टनंट आठवतो.

त्याच्या अंगी दोषही होते. तो आत्मप्रौढीसाठी प्रसिद्ध होता, आणि १८०६ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाला तेव्हा त्या पदावर फारसा शोभला नाही.

परंतु १८०० सालचा खटला सांगितल्यावाचून थांबवत नाही. जेम्स हॅडफील्ड या माजी घोडेस्वाराने नाटकगृहात राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडली. १७९४ च्या लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे खोल घाव बसले होते. वेडा म्हणजे ज्याची बुद्धी समूळ नष्ट झाली तो, अशी तेव्हाची कल्पना. हॅडफील्ड तर बंदूक विकत घेऊन, वेळ साधून आला होता. अर्स्किनने सांगितले की माणूस बोलतो, चालतो, बेत करतो, आणि तरीही एका भ्रमाच्या पूर्ण अधीन असू शकतो. त्याने ज्यूरीला ते घाव पाहायला सांगितले. न्यायाधीशांनी खटला मध्येच थांबविला आणि आरोपी वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला. आपल्याकडे हा बचाव दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

हॅडफील्डला मोकळे मात्र सोडले नाही. अशांना स्थानबद्ध ठेवण्यासाठी त्याच वर्षी नवा कायदा झाला. अर्स्किन १८२३ मध्ये वारला. त्याचा तो अशील बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात १८४१ पर्यंत जगला.