भित्रा ससा आणि घरातील पहिली अक्षरे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



आपल्या घरांतील मुलांना मराठी समजते, ती थोडेफार बोलतातही. परंतु मराठी वाचणारे मूल दुर्मिळ झाले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले ते मराठीत, आणि त्याच वर्षी ते शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला आले. या दोन भाषांत त्यांना विरोध दिसला नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या नातवंडांना 'मूकनायक'मधील एक ओळही वाचता येऊ नये, आणि तेही कोणाच्या बंदीमुळे नव्हे तर आपल्याच दुर्लक्षामुळे, ही गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते.

घरी मराठी बोलल्यास मुलाचे बोलणे लांबते, अशी भीती अनेक पालक आमच्याकडे व्यक्त करतात. या समजुतीस वैद्यकीय आधार नाही. लहान मुलाने दोन भाषांची सरमिसळ करणे स्वाभाविक आहे. मूल खरोखरच उशिरा बोलू लागले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. मराठी मात्र बंद करू नये.

मग वाचन शिकवावे कसे? १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये 'बुकस्टार्ट' हा उपक्रम सुरू झाला. तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तके पोहोचविणे हा त्याचा हेतू. अक्षरांच्या आधी गोष्टीची गोडी लागली पाहिजे, हे त्यातील मर्म मराठीलाही लागू पडते. थकून घरी आलेल्या मुलापुढे एकदम बाराखडीचा तक्ता धरला, तर ते पळ काढणारच.

आपल्याकडे जातककथांचा ठेवा आहे. त्यांतील दद्दभ जातक घ्या. पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर आदळते. धरणी फाटली असे समजून ससा धावत सुटतो आणि त्याच्यामागे सारे रान धावते. प्रत्येक प्राणी ओरडतो, "पळा, पळा! धरणी फाटली!" या वाक्यात एकही जोडाक्षर नाही. शिवाय इंग्रजीत नसलेला 'ळ' मूल खेळता खेळता उच्चारू लागते.

पहिला आठवडा गोष्ट केवळ तोंडी सांगावी व ते वाक्य मुलाकडून म्हणवून घ्यावे. दुसऱ्या आठवड्यात तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून त्याखाली बोट फिरवावे. त्यानंतर 'ससा', 'पळा' असे शब्द सुटे करावेत. 'स' आणि 'सा' यांतील फरक मूल स्वतःच हेरते. काना, मात्रा, वेलांटी मागाहून येतात. जोडाक्षरे सर्वांत शेवटी. दररोज पंधरा मिनिटे पुरेत. भारतातील आजीने दूरध्वनीवरून सिंहाचे संवाद म्हटले, तर सोन्याहून पिवळे.

येथील बालवर्गांत 'चिकन लिकन'ची गोष्ट सांगतात, ती याच जातीची. आभाळ कोसळले म्हणून धावणाऱ्या पक्ष्यांना तिच्या प्रचलित रूपात शेवटी कोल्हा खातो. आपल्या कथेत मात्र सिंह सर्वांना थांबवून विचारतो, "हे पाहिले कोणी?" हत्ती सिंहांकडे बोट दाखवितात, सिंह वाघांकडे, असे करीत प्रश्न सशापर्यंत येतो. सिंह त्याला पाठीवर घेऊन त्या जागी जातो, तेथे पडलेले असते केवळ बेलफळ. दोन्ही गोष्टी मुलाला सांगाव्यात व फरक त्यालाच शोधू द्यावा. नूर इनायत खान यांनी इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथा १९३९ साली लंडनमध्येच प्रसिद्ध झाल्या. मोठ्या मुलांनी त्या वाचाव्यात आणि धाकट्यांना मराठीत सांगाव्यात.

ऐकीव गोष्टीमागे न धावता स्वतः पाहावे, ही शिकवण आणि मातृभाषेचे पहिले अक्षर मुलाला एकाच गोष्टीतून मिळत असेल, तर आई-वडिलांनी पंधरा मिनिटांची काटकसर का करावी? पुढील संमेलनात आपल्या बालकांनी ही कथा कागद हाती घेऊन व्यासपीठावरून वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम!