रिपोर्टमध्ये नव्हे, सांध्यात पाहा



समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली याच जांब गावात झाला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला सहावा समास आध्यात्मिक तापाचा आहे. देहाला होणाऱ्या दुखण्यांची भलीमोठी यादी त्यात आहे. मुलुख पायी तुडवलेल्या माणसाने लोकांची दुखणी किती जवळून पाहिली होती, ते तिथे कळतं. त्या गावात सांध्यांविषयी बोलायला मला उभं केलंत, मी ऋणी आहे.

गाऊटच्या, म्हणजे सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचून होणाऱ्या आजाराच्या, बाबतीत आपल्याकडे दोन उलट्या चुका एकाच वेळी होतात. ज्याला गाऊट नाही त्याच्या गोळ्या चालू होतात, आणि ज्याला आहे तो ‘वात’ म्हणून वर्षानुवर्षं शेक, मालिश आणि दुखीची इंजेक्शनं घेत राहतो. दोन्हींचं मूळ एकच: आपण सांधा सोडून लॅबचा कागद पाहतो. रक्तात युरिक अ‍ॅसिड साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पुरतं विरघळत नाही, हे खरं. पण आठ-साडेआठ आकडा असूनही जन्मभर एकदाही सांधा न सुजलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांना सहसा गोळी लागत नाही. उलट ऐन झटक्यात हाच आकडा कधीकधी नॉर्मल येतो. म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने 1996 पासून घरोघरी जाऊन पाहणी केली. सुमारे 18 टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. गाऊट मात्र अगदी मोजक्यांना निघाला. दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्यामागे युरिक अ‍ॅसिड शोधणाऱ्यांनी ही पाहणी वाचावी.

खरा गाऊट स्वतःची ओळख देतो. रात्री झोपताना माणूस धडधाकट असतो, पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा लालभडक सुजलेला, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. चोवीस तासांत दुखणं शिगेला पोचतं आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरतं. आपोआप उतरतं म्हणूनच शेवटी जो लेप लावला त्याला यश मिळतं, आणि खरं निदान पुन्हा लांबतं. पाळी चालू असलेल्या बाईत हे चित्र दिसलं तर आधी दुसऱ्या आजाराचा विचार करा. औषधांची पिशवी उघडायला सांगा: लघवी वाढवणारी बीपीची गोळी, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, टीबीच्या उपचारातली पायराझिनामाइड, ही सगळी युरिक अ‍ॅसिड वाढवतात. आणि काम विचारा. जालन्यात भट्टीपुढे उभा राहणारा कामगार किंवा भर उन्हात ऊस तोडणारा माणूस घामाने जेवढं पाणी गमावतो तेवढं पीत नाही. मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो आणि युरिक अ‍ॅसिड साचतं.

तरीही शंका उरली तर सांध्यातलं पाणी काढा. 1961 साली मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं, तेव्हापासून पक्कं निदान तिथेच होतं. युरेटचे स्फटिक सुईसारखे टोकदार दिसतात. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यात किंवा मनगटात आखूड, चौकटीच्या आकाराचे स्फटिक दिसले तर तो कॅल्शियम पायरोफॉस्फेटचा आजार. एक्स-रेत कूर्चेवर चुन्याची बारीक रेघ सापडते, आणि ते स्फटिक विरघळवणारं औषध अजून नाही. नमुना ताजा पाठवा. गाऊटच्या गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकलात तर युरेट विरघळून जातं. तो शुद्ध अल्कोहोलमध्येच ठेवा. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: ताप आहे, एकच सांधा पेटलाय, तर स्फटिक दिसले तरी जंतुसंसर्ग नाही असं समजू नका. दोन्ही एकत्र असू शकतात. कल्चर पाठवा, आणि सोय नसेल तर त्याच दिवशी रुग्णाला घाटी रुग्णालयात न्या.

झटक्याला कोल्चिसिन थोड्या मात्रेत आणि पहिल्याच दिवशी द्या. जुलाब लागेपर्यंत गोळ्या देण्याची रीत आता सोडली पाहिजे. मूत्रपिंड दुबळं असेल तर डायक्लोफिनॅकची सुई टोचू नका, कोल्चिसिनही सांभाळून. पाच दिवस प्रेडनिसोलोन बहुधा जास्त सुरक्षित, फक्त साखरेवर लक्ष ठेवा.

पण झटका शमवणं म्हणजे गाऊटचा उपचार नव्हे. ज्याला वारंवार झटके येतात, गाठी आल्या आहेत किंवा मूतखडे होतात, त्याला अ‍ॅलोप्युरिनॉल लागतं. 100 मिलिग्रॅमपासून सुरुवात, किडनीच्या रुग्णाला 50. मग दर काही आठवड्यांनी मात्रा वाढवत आकडा 6 च्या खाली आणायचा आणि तिथेच ठेवायचा. 100 वर सुरू केलेला माणूस पाच वर्षांनीही 100 वरच, हे मी फार पाहतो आणि मला त्याचा राग येतो. पहिले काही महिने जुने स्फटिक सुटताना झटके वाढू शकतात. ते रुग्णाला आधीच सांगा, तीन ते सहा महिने सोबत थोडं कोल्चिसिन द्या, झटक्यातही गोळी बंद करू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र ताबडतोब बंद, आणि ‘त्याच दिवशी या’ हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.

पथ्याचंही बोललं पाहिजे. डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद असं सांगून आपण गरिबाच्या ताटातलं वरण काढून घेतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिन असलेल्या भाज्या-डाळींनी नाही; दूध-दह्याने तो उलट कमी झाला. दारू आणि बाटलीतली गोड पेयं सोडायला लावा. वरण-भाकरी, ताक आणि पाणी माणसाला सुखाने घेऊ द्या.

दुपारच्या सत्रात सांध्यातलं पाणी काढण्याचं प्रात्यक्षिक आहे. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दोन ध्रुवक पट्ट्या लावून हे स्फटिक पाहता येतात. तशी जोडणी टेबलावर मांडली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियन मंडळींनी जेवणानंतर आधी तिथे यावं.